मासा जिवंत आहे हो. पण पाणी कोणते?

परवा सकाळी दवाखाना उघडून बसतो न बसतो तोच पार्ले पूर्वेतले एक ओळखीचे काका हाताला फडके गुंडाळून आत आले. वय पासष्टच्या पुढे, मधुमेह पंधरा वर्षांचा. फडके सोडले तर उजव्या हाताचा अंगठा आणि खालचा मांसल भाग सुजून टम्म झालेला, लाली मनगटापर्यंत चढलेली, अंगात ताप. तीन दिवसांपूर्वी काकांनी बाजारातून दोन किलोंचा जिवंत मांगूर आणला होता. काकू म्हणाल्या, ‘‘असला वळवळणारा मासा माझ्याच्याने नाही हो कापवणार.’’ मग काका स्वतः विळीवर बसले. माशाने अंगाला पीळ दिला आणि कल्ल्याजवळचा काटा अंगठ्याच्या मुळाशी रुतला. काकांनी हळद दाबली, मासा कापला, कालवण केले, जेवले आणि ते विसरून गेले.

त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे लागले. हात चिरून पू काढावा लागला, शिरेतून औषधे द्यावी लागली. जाताना काका म्हणाले, ‘‘पण डॉक्टर, मासा एकदम ताजा होता हो! पिशवीत उड्या मारत होता!’’

वाचकहो, आजच्या लेखाचा सारा विषय काकांच्या या एका वाक्यात आहे. मासा उड्या मारत होता हे खरे. पण तो कोणत्या पाण्यातून आला, काय खाऊन वाढला आणि त्याच्या अंगावर कोणती शस्त्रे आहेत, हे उड्यांवरून कळत नाही. पापलेट, बांगडा, सुरमई पारखण्यात आपण पार्लेकर तरबेज. नदीच्या मोठ्या मिशाळ माशापुढे मात्र आपली नेहमीची पारख तोकडी पडते. म्हणून हा मासा धरणे, विकत घेणे, कापणे आणि खाणे यांविषयी आज सविस्तर पाहू.

पावसाळा आणि गोड्या पाण्याचा मासा

१ जूनपासून आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मासळीच्या विणीचा हा काळ, आणि दर्या खवळलेला. बाजारात ताजी समुद्री मासळी कमी होते, भाव चढतात आणि तिची जागा गोड्या पाण्यातले मासे घेतात. रोहू, कटला यांच्याबरोबर पाण्याच्या टबात वळवळणारे काळपट, मिशाळ मासेही उपनगरांच्या बाजारांत दिसू लागतात.

याच सुमारास ठाणे-रायगडकडे वलगणीचे मासे चढतात. पहिल्या मोठ्या पावसात ओढे-नाले भरले की नदीतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध शेतांकडे, उथळ पाण्याकडे येतात आणि गावेच्या गावे कंदील, बॅटऱ्या, जाळी घेऊन बाहेर पडतात. मुंबईत राहायला आलेल्या कित्येकांच्या अंगात ही हौस अजून आहे. पवई तलाव भरून वाहू लागला की या मंडळींचे हात शिवशिवू लागतात. हौस वाईट नाही. पण गावचा ओढा आणि मुंबईचा नाला यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक आरोग्याचा आहे.

हे मासे ओळखायचे कसे?

या कुळातल्या माशांना खवले नसतात. कातडी बुळबुळीत असते आणि तोंडाभोवती लांब मिशा असतात. या मिशा शोभेच्या नव्हेत. गढूळ पाण्यात, रात्रीच्या अंधारात तळाशी अन्न हुडकण्याचे ते साधन आहे. चव आणि स्पर्श दोन्ही त्यांना मिशांनी कळतात.

आपल्याकडे यांतले तीन-चार प्रकार महत्त्वाचे. पहिला शिंगाळा. गोदावरी, भीमा, कृष्णा अशा नद्यांत आणि धरणांत तो सापडतो व चांगला मीटरभर वाढू शकतो. खाडीत आणि समुद्रात याच नावाने विकला जाणारा मासा निराळा, पण त्याच्या अंगावरची शस्त्रे तीच. दुसरा मांगूर, म्हणजे चपट्या डोक्याचा, लांबट, चिखलात राहणारा. तिसरी शिंगी, दिसायला लहान पण डंखाला जबर. आणि चौथा मासा आपण खातो, पण तो या कुळातला आहे हे आपल्या गावीही नसते. तो म्हणजे हॉटेलात मिळणारा ‘बासा’. पांढराशुभ्र, बिनकाट्याचा, बेतास बात चवीचा हा तुकडा मूळच्या आग्नेय आशियातल्या नद्यांमधल्या मिशाळ माशाचा असतो. व्हिएतनाममध्ये त्याची प्रचंड प्रमाणावर शेती होते, आणि त्याचाच एक भाऊबंद आता आंध्र प्रदेशातल्या तळ्यांतही वाढवला जातो. मेकाँग नदीत या कुळातले खरेखुरे राक्षसही आहेत. २००५ साली थायलंडमध्ये पकडलेला असा एक मासा २९३ किलो वजनाचा भरला होता.

खवले नसल्यामुळे काही समाजांत हे मासे वर्ज्य आहेत. आपल्या रायगड-मुंबईकडचे बेने इस्रायली बांधव धर्माज्ञेनुसार खवले आणि पर दोन्ही असलेलाच मासा खातात. इतरांनी तो खायला हरकत नाही, मात्र पुढची माहिती ध्यानात घेऊन.

जिवंत म्हणजे ताजा; निर्मळ नव्हे

बांगडा ताजा की शिळा हे आपण कसे पाहतो? डोळे चकचकीत हवेत, कल्ले लाल हवेत, बोटाने दाबल्यावर मांस वर यायला हवे. मासा पाण्याबाहेर काढला की थोड्याच वेळात मरतो आणि मेल्यावर किती तास गेले याचा हिशेब या खुणा सांगतात.

मांगुराचे तसे नाही. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत त्याला झाडाच्या फांद्यांसारखा एक जादा श्वसनाचा अवयव असतो. त्याच्या जोरावर तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. कातडी ओली राहिली तर पाण्याबाहेर कित्येक तास जगतो. डबके आटत आले तरी चिखलात तग धरतो. म्हणूनच तो बाजारात जिवंत मिळतो.

आता या गुणाची दुसरी बाजू पाहा. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. रोहू, कटला अशा पाण्यात तडफडून मरतात. म्हणजे ते मासे आपल्या मरणाने आपल्याला इशारा देतात की बाबांनो, हे पाणी वाईट आहे. मांगूर हा इशारा देत नाही. गटारासारख्या पाण्यातही तो जगतो, वाढतो, लठ्ठ होतो आणि टबात येऊन तितक्याच जोमाने उड्या मारतो. तेव्हा मांगूर जिवंत आहे याचा अर्थ तो सडलेला नाही, एवढाच. तो निर्मळ पाण्यातला आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

देशी मांगूर आणि ‘थाई’ मांगूर

आपला देशी मांगूर बेताचा मासा. तो सहसा पाव-अर्ध्या किलोच्या पुढे जात नाही आणि सावकाश वाढतो. आता तो दुर्मीळ होत चालला असून जगभरच्या संकटग्रस्त जीवांच्या यादीत त्याची नोंद आहे. बाजारात किलो-दोन किलोंचा मांगूर दिसला की तो देशी नव्हे असे खुशाल समजावे. तो बहुधा आफ्रिकी मांगूर असतो. आपल्याकडे तो आग्नेय आशियामार्गे आला म्हणून त्याला ‘थाई मांगूर’ म्हणतात. काही महिन्यांतच तो किलोभर होतो आणि जे मिळेल ते खातो.

आणखी एक खूण सांगतो. डोक्याची कवटी पाठीकडे जिथे संपते तिथे देशी मांगुराचे हाड एकाच टोकाचे, साधारण इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दिसते. आफ्रिकी मांगुराचे तेच हाड तीन टोकांचे, ‘डब्ल्यू’सारखे असते. पण सामान्य गिऱ्हाइकाला वजनाची खूण पुरेशी आहे.

या आफ्रिकी मांगुराच्या शेतीवर भारत सरकारने २००० साली बंदी घातली. कारणे दोन. एक म्हणजे तो पुरात तळ्यातून निसटून नदीत गेला की देशी मासे, त्यांची पिल्ले, अंडी फस्त करतो. दुसरे कारण त्याच्या खाद्याचे. चोरून शेती करणारे त्याला कत्तलखान्यातला आणि कोंबडीच्या दुकानांतला सडका टाकाऊ माल घालतात. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर आपल्या राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने भिवंडीकडे, रायगडात, तसेच उजनीच्या पाण्याजवळ इंदापूर तालुक्यात अशा तळ्यांवर कारवाया केल्या. बंदी असूनही हा मासा बाजारातून पुरता हटलेला नाही, म्हणून हा इशारा.

‘हा मासा खाल्ला की कर्करोग होतो’ असे लोक सर्रास म्हणतात. ते तसे सरळ नाही. माशाच्या मांसात जन्मजात कोणतेही विष नसते. आफ्रिकेत लाखो लोक हा मासा खातात. धोका आहे तो त्याच्या पाण्याचा आणि खाद्याचा. घाण पाण्यातले जड धातू आणि रसायने त्याच्या अंगात साठतात, आणि नियमांबाहेर वाढवलेल्या माशाची तपासणी कोणीही केलेली नसते. घाबरण्यापेक्षा टाळणे हा यावरचा शहाणपणाचा उपाय.

मिठी नदी आपल्या उशाशी आहे

पार्ल्याच्या पूर्वेला विमानतळापलीकडून वाहणारी मिठी आपण पुलावरून, नाकाला रुमाल लावून पाहतो. विहार तलाव १८६० सालचा, पवई १८९१ सालचा. या तलावांचे जादा पाणी घेऊन मिठी निघते. आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना करीत सुमारे १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत तिच्यात घरांचे सांडपाणी, तबेल्यांचे शेण, लहान कारखान्यांचे तेल, रंग आणि रसायने येऊन पडत आली आहेत. तिच्या गाळात शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू आढळले आहेत.

मिशाळ मासा राहतो तळाशी, खातो गाळातले किडे आणि लहान मासे. जड धातूंची रीत अशी की लहान जीवाच्या अंगात गेलेला कण त्याला खाणाऱ्या मोठ्या जीवाच्या अंगात साठत जातो. मासा जितका मोठा, जितका म्हातारा, जितका मांसाहारी, तितका साठा जास्त. जपानमधल्या मिनामाता येथे कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत साठला आणि ते मासे खाणाऱ्यांचे हातपाय लुळे पडले, मुले जन्मतःच अपंग झाली. १९५६ साली हा आजार अधिकृतपणे उघडकीस आला. तेव्हापासून साऱ्या जगाने एक धडा घेतला आहे : मासा ज्या पाण्यातला, त्या पाण्याचा हिशेब खाणाऱ्याच्या शरीरात जमा होतो.

आणि हे पक्के ध्यानात ठेवा की शिजवल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत. पारा, शिसे हे तळून, उकडून, चिंच-कोकम घालून जात नाहीत. म्हणून मिठी, तिला मिळणारे नाले, वाकोला नाला किंवा कोणत्याही सांडपाण्याच्या प्रवाहात धरलेला मासा खाऊ नये. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांनी तर अजिबात नाही, कारण पारा आणि शिसे पहिला घाव वाढत्या मेंदूवर घालतात.

मासे धरायला जाणाऱ्यांसाठी

मोठा मिशाळ मासा रात्री चरतो. गांडूळ किंवा कोंबडीची आतडी लावून गळ तळाशी सोडतात, नाहीतर उथळ पाण्यात पाग टाकतात. गावाकडे, स्वच्छ पाण्यात, माहितगाराबरोबर हा उद्योग करणाऱ्यांनी पुढील पथ्ये पाळावीत.

१. पुराच्या पाण्यात उतरू नये. चढते पाणी पोहणाऱ्यालाही आवरत नाही.

२. विजेची तार पाण्यात सोडून मासे मारण्याचा प्रकार दिसला तर तिथून दूर व्हावे. दर पावसाळ्यात माणसे यात जीव गमावतात. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. विष घालून मारलेला मासा खाणे हा तर स्वतःशीच केलेला गुन्हा.

३. गाभोळीने भरलेली मादी सोडून द्यावी. वलगणीला सगळेच मासे धरले तर पुढल्या वर्षी काय धरणार?

४. मासा उघड्या हाताने कवळू नये. गळ पकडीने काढावा. जाड गोणपाट टाकून मासा दाबावा आणि हात नेहमी कल्ल्यांजवळच्या काट्यांच्या मागे ठेवावा.

५. पायात बूट हवेत. तळाशी मासा बसलेला असतो, काचाही असतात.

शहरातल्या पाण्यात शिरणाऱ्यांना आणखी एक भीती आहे, ती म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, घुशी, गुरे यांच्या मूत्रातले जंतू पावसाच्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या लहानशा भेगेतून, खरचटलेल्या जागेतून अंगात जातात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाचा तडाखा अनुभवला आहे. अशा पाण्यात उतरणे झालेच तर घरी येताच साबणाने स्वच्छ धुवावे आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. प्रतिबंधक गोळ्या मिळतात, पण त्या मनाने घेऊ नयेत. गर्भवतींना आणि आठ वर्षांखालील मुलांना निराळे औषध द्यावे लागते. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, कावीळ किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही झाले तर ‘मी पाण्यात उतरलो होतो’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. या एका वाक्याने निदान लवकर होते.

काटा लागला तर

या माशांच्या अंगावर ताठ काटे असतात. दोन्ही कल्ल्यांच्या मागे एकेक, आणि शिंगाळ्यासारख्यांना पाठीवरही एक. मासा घाबरला की हे काटे ताठ उभे करून जणू खिळ घालून ठेवतो. काट्याची कड करवतीसारखी असते आणि त्यावरच्या कातडीत विष तयार करणाऱ्या पेशी असतात. काटा रुतला की हे आवरण फाटते, विष जखमेत जाते आणि काट्याचा तुकडाही मोडून आत राहू शकतो. मासा मेला तरी काटा काटाच राहतो.

पहिला त्रास म्हणजे मासा नेमका लहान असला तरी मोठी कळ. तिच्यावर घरचा उत्तम उपाय गरम पाणी. हे विष प्रथिनाचे असते आणि उष्णतेने निकामी होते. तेव्हा :

१. प्रथम जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने भरपूर धुवावी. बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या लगेच काढाव्यात. सूज आल्यावर त्या निघत नाहीत.

२. दिसणारा काट्याचा तुकडा चिमट्याने सरळ काढावा. खोल असेल तर उकरत बसू नये.

३. हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाणी किती गरम आहे हे दुखऱ्या हाताने नव्हे, चांगल्या हाताने पाहावे. दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. मधुमेह्यांच्या हातापायांची संवेदना आधीच कमी असते, म्हणून त्यांच्यासाठी पाणी घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावे. नाहीतर काटा राहिला बाजूला आणि भाजल्याचाच इलाज करावा लागतो.

४. चुना, तंबाखू, शेण, राख यांपैकी काहीही जखमेत भरू नये. हळदीवर विसंबून राहू नये. दोरी आवळून बांधू नये. जखम तोंडाने चोखू नये.

५. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवावे. अशा मळकट जखमेत पाच वर्षे उलटून गेली असतील तर पुन्हा घ्यावे.

६. कळ थांबली नाही किंवा तुकडा आत राहिल्याची शंका आली तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

दुसरा त्रास सावकाश येतो, आणि तोच काकांना भोवला. नदीच्या आणि खाडीच्या पाण्यात असे काही जंतू असतात की खोल, अरुंद जखमेत ते फार वेगाने पसरतात. मधुमेह, यकृताचा आजार, दारूची सवय किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्यांना एक-दोन दिवसांतच जिवाचा धोका होऊ शकतो. लाली पसरणे, सूज वाढणे, पाणी भरलेले फोड, ताप, थंडी वाजणे, जखमेच्या मानाने फार जास्त वेदना यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. डॉक्टरांना ‘माशाचा काटा लागला’ असे स्पष्ट सांगावे, कारण त्यावर औषधाची निवड ठरते.

स्वयंपाकघरात

मासळी विकणारी आपली कोळीण बाई शिंगाळा हातात घेतला की आधी तिन्ही काटे छाटते, मग पुढचे काम करते. तिच्याकडूनच मासा साफ करून घ्यावा. चार पैसे जास्त गेले तरी हात शाबूत राहतो. घरीच करायचा असेल तर मासा पूर्ण मेल्यावर, जाड फडक्यात धरून आधी काटे तोडावेत.

बुळबुळीतपणा जाण्यासाठी जाड मीठ आणि चिंचेचे पाणी चोळून दोनदा धुवावे. कल्ले, आतडी आणि काळीज टाकून द्यावे. पाण्याची खात्री नसेल तर डोक्याचा मोह सोडावा, कातडी आणि पोटाकडची चरबी काढावी. काही कीटकनाशके आणि तत्सम रसायने चरबीत साठतात, ती त्याने थोडी कमी होतात. (धातू मात्र मांसातच राहतात.) विळी, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीची काकडी चिरायला घेऊ नये.

मासा पूर्ण शिजवावा. काटाचमच्याने ओढल्यावर मांस पाकळ्या-पाकळ्यांनी सुटले आणि आत काचेसारखा पारदर्शक भाग राहिला नाही की समजावे शिजला. अर्धवट भाजलेल्या गोड्या पाण्यातल्या माशातून जंत पोटात जाऊ शकतात. नदीकाठी शेकोटीवर घाईने भाजलेल्या माशाचा बेत यासाठीच जपून करावा. कोकम, लसूण, आले, तिरफळ घालून केलेले पातळ कालवण हे तळण्यापेक्षा पचायला हलके.

खाण्यासारखा आहे का?

स्वच्छ पाण्यातला असेल तर जरूर आहे. १०० ग्रॅम मांसातून साधारण १५ ते १८ ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. ब-१२ जीवनसत्त्व मिळते. मांसात बारीक काट्यांचे जाळे नसते, त्यामुळे वृद्धांना आणि मुलांना तो सोपा पडतो. हृदयाला हितकर अशी तैलाम्ले मात्र बांगडा, तारली यांच्या मानाने यात बरीच कमी. बासा तर त्या बाबतीत अगदीच बेताचा. म्हणून हृदयासाठी मासे खायचे असतील तर पैसे आपल्या स्वस्त बांगड्यावर खर्च करावेत. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सव्वाशे-दीडशे ग्रॅम मासा प्रौढ माणसाला पुरे. मूत्रपिंडाचा विकार किंवा संधिवाताचा ‘गाउट’ हा प्रकार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

वाचकांच्या काही शंका

*मांगुराने रक्त वाढते म्हणतात. बाळंतिणीला द्यावा का?*

ही समजूत पूर्वेकडच्या प्रांतांत फार दृढ आहे आणि आता आपल्याकडेही ऐकू येते. माशातले लोह शरीरात चांगले शोषले जाते आणि सोबतच्या भाजी-डाळीतले लोह शोषायलाही मदत करते, एवढे खरे. पण मुळात त्यातले लोह फार नाही. रक्तक्षय असेल तर हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्याच घ्याव्यात. आणि बाळंतिणीला अज्ञात पाण्यातला मांगूर देणे म्हणजे औषध समजून जोखीम देणे होय.

*जिवंत मासा दोन दिवस स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवला तर शुद्ध होतो का?*

त्याचे पोट रिकामे होते आणि चिखलाचा वास कमी होतो. म्हणून चव सुधारते. पण महिनोन् महिने मांसात साठलेले धातू दोन दिवसांत बाहेर पडत नाहीत. वास गेला म्हणजे दोष गेला, हा समज चुकीचा.

*पवईला गळ टाकून मासे धरणे चांगले की वाईट?*

परवानगी घेऊन, छंद म्हणून गळ टाकणाऱ्यांची परंपरा पवईला जुनी आहे. छंद जरूर करावा. पण पवईचे पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत हे लक्षात घेऊन मासा पाहावा, वजन करावे आणि परत सोडावा. जेवणासाठी मासा बाजारातून, विचारपूस करून आणावा.

*मग विचारायचे तरी काय?*

तीनच प्रश्न. मासा कुठला? तळ्यातला की नदीतला? तळ्यातला तर कोणाच्या? ओळखीचा विक्रेता सरळ उत्तर देतो. उत्तर टाळले, किंवा मोठाले जिवंत मांगूर फार स्वस्तात समोर आले, तर पुढच्या टोपलीकडे वळावे. शिंगाळ्यातही अतिशय मोठ्यापेक्षा मध्यम आकाराचा घ्यावा. तो चवीलाही सरस आणि साठ्यानेही कमी.

जाता जाता काकांचे सांगतो. आठवडाभर रुग्णालयात काढून ते घरी आले. जखम भरली, पण अंगठा अजून पुरता वाकत नाही. रोज कोमट पाण्यात रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम चालू आहे. मासे सोडलेले नाहीत, आणि मीही सोडायला सांगितलेले नाही. परवा स्टेशनाबाहेर भेटले तेव्हा डाव्या हातात पिशवी होती. मी पिशवीकडे पाहताच हसून म्हणाले, ‘‘बांगडे आहेत डॉक्टर. बर्फातले, पण कुठले ते विचारून घेतलेत. आणि साफ करून घेतलेत!’’

बस्स, वाचकहो, एवढेच सांगायचे होते. मासा उड्या मारतो की नाही हे डोळ्यांनी पाहावे. पाणी कोणते, हे तोंडाने विचारावे.